हळू, अण्णा झोपलेत

आमच्या घरात दिवसा कोणी मोठ्यानं बोलत नसे. आम्ही फार सभ्य होतो अशातला भाग नाही. रात्री जेवायला बसलो की आमच्याकडे जो कालवा चाले, तो गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबडच्या एका कारखान्यात कामाला होते आणि त्यांची वर्षातली बरीचशी पाळी तिसरी असे. रात्रभर यंत्रापाशी उभे राहून सकाळी ते सायकल हाणत घरी येत, बंबातलं पाणी अंगावर घेत, भाकरी खात आणि खिडकीला जुनी गोधडी टांगून आडवे होत. ती गोधडी टांगली गेली की घराचा आवाज जाई. आई कुकरपाशी चिमटा घेऊनच उभी राही आणि शिट्टी होणार असं दिसलं की ती अलगद वर उचलून वाफ सोडून देई. मोहरी तडतडायच्या आत कढईवर ताट पडे. भाकरी थापायची परात मागच्या दारी ओट्यावर जाई, मग थंडी असो की ऊन. दूधवाला कडी वाजवत नसे, दारात येऊन नुसता खाकरे. मी आणि माझी धाकटी बहीण बेबी कुजबुजत भांडायचो, कुजबुजत एकमेकींच्या वेण्या ओढायचो आणि रडू आलंच तर उशीत तोंड खुपसून रडायचो. चुकून आवाज चढला तर आई हातातलं काम टाकून येई, ओठांवर बोट ठेवी आणि म्हणे, "हळू, अण्णा झोपल्येत." हे वाक्य मी माझ्या नावाच्या आधी शिकले असेन.

ही सवय अजून गेलेली नाही. माझी नात म्हणते, "आजी, तू फोनवर चोरासारखी का बोलतेस?" घरात आता तिसऱ्या पाळीचं कोणी नाही, उलट सगळे कानात ती बोंडं घालून बसलेले असतात, ढोल वाजवले तरी मान वर करणार नाहीत. तरी दुपारी एक वाजता माझ्या हातून भांडं पडलं की माझा जीव गोळा होतो आणि मी आपोआप आतल्या खोलीकडे बघते.

तर अशा घरातल्या मुलीनं पुढे आयुष्यभर लहान पोरांना गाणी शिकवली, हा विनोदच आहे. तो घडला कसा ते सांगते. बारावीला गणितानं मला आडवं केलं. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी फक्त ताटावरून उठताना सांगितलं, "टायपिंग शिक. हापिसात लावून देतो. पंख्याखाली बसून काम करशील, माझ्यासारखं उभं राहून नाय." यात प्रेम होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण टायपिंगच्या वर्गात जागा व्हायला काही महिने होते आणि मी दिवसभर घरात कुजबुजून कंटाळले होते. आमच्या वसाहतीच्या टोकाला, कामगारांच्या बैठ्या घरांना लागून, दोन खोल्यांची एक बालवाडी होती. तिथली मदतनीस मुलगी लग्न होऊन पिंपळगावला गेली. आईनं मला सुचवलं, "टायपिंगपत्तोर जा तिकडं. तेवढाच घराला वारा लागंल."

बालवाडी चालवणाऱ्या दीक्षितबाई पंचवटीत राहायच्या. त्यांचे यजमान घाटावर यात्रेकरूंचे विधी करत. बाई कडक इस्त्रीच्या सुती साडीत रोज बसनं यायच्या, उतरल्यावर आधी चपला झटकायच्या आणि मग पोरांच्या शेंबडाला हात घालायच्या. कुठल्याच पोराची त्यांना कधी किळस आली नाही. त्यांना सगळं यायचं, गोष्टी, चित्रं, मातीचे बैल. एक गाणं तेवढं येत नव्हतं. त्यांनी सूर लावला की पोरं घाबरून एकमेकांकडे बघत. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मंदा, माझं एकच मागणं आहे. या मुलांनी एक तरी गाणं सगळ्यांनी मिळून म्हटलेलं मला ऐकायचंय. एकेकटं नाही हं, मिळून."

मी म्हटलं, त्यात काय मोठंसं. पोरांना गोल बसवलं, चिमणीबिमणीचं एक साधं गाणं म्हणून दाखवलं आणि म्हटलं, "आता तुम्ही." सगळ्यांचे ओठ हलायला लागले. आवाज मात्र नाही. म्हणजे होता, पण कुठे तरी गवतातून साप जावा तेवढा. मला वाटलं लाजतायत. पुन्हा म्हटलं, "मोठ्यानं!" तर पोरांनी डोळे मोठे केले आणि आवाज होता तेवढाच ठेवला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि काळजीनं म्हणाल्या, "अगं, यांचे घसे बसलेत का? साथ आहे की काय कसली?" तेवढ्यात माझ्यासमोर बसलेली संगी उठली. संगी म्हणजे चार वर्षांची, गोल गरगरीत, नाकात मोरणी, आणि पूर्ण वर्गाची मालकीण. तिनं माझ्या ओढणीचा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली,

"ताई, हळू. पप्पा झोपल्येत."

"अगं, पप्पा इथं कुठे आहेत?"

"इथं नाय. पन झोपल्येत ना."

मला जे हसू फुटलं ते आवरेना. बाईंना वाटलं या मुलीला काहीतरी झालं. मी त्यांना सांगायला गेले तर शब्द बाहेर येईनात, मी आपली गोधडी, कुकर, चिमटा असं काहीतरी बरळत होते. पंचवटीत मंत्र म्हणणाऱ्या माणसाच्या घरात कोणी आवाज दाबत नाही, त्यामुळे बाईंना ते कळायला वेळ लागला. मला मात्र एका क्षणात कळलं होतं. ही सगळी माझीच भावंडं होती. कोणी नांदगावकडची, कोणी सटाण्याकडची, कोणाची आई पेठच्या डोंगरातली. घरी भाषा निरनिराळ्या, पण बाप सगळ्यांचे तिसऱ्या पाळीला, आणि बोट सगळ्यांच्या ओठांवर.

त्या दिवशी मी ठरवलं, गाणं मागाहून, आधी आवाज. बालवाडीच्या मागे मोकळं रान होतं आणि त्याच्या पलीकडे एक द्राक्षमळा. मी पोरांना तिथं नेलं, बांधावर उभं केलं आणि स्वतः रानाच्या दुसऱ्या टोकाला गेले. सांगितलं, "मला हाका मारा. ऐकू आली तरच येईन." पहिल्या दिवशी मी तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशीही. मळ्यात फवारणी करणारा माणूस काम थांबवून बघायचा, त्याला वाटलं असेल बालवाडीवाल्यांनी या पोरीला शिक्षा केली आहे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी संगीला राहवेना. तिनं मुठी आवळल्या, पोट पुढे काढलं आणि अशी काही किंकाळी मारली की मळ्यातली पाखरं उठली. ती स्वतःच दचकली, इकडे तिकडे बघितलं, कोणी रागावलं नाही हे पाहिलं आणि दुसरी मारली. मग काय! एकापाठोपाठ एक सगळी सुटली. 'ताईऽऽ' म्हणून ती पोरं अशी ओरडली की मी धावत सुटले आणि तीही माझ्याकडे धावत सुटली, आणि मधोमध आमचा ढीग झाला. मी ढिगाच्या तळाशी होते. इतकी खूश मी बारावीत पास झाले असते तरी झाले नसते.

आवाज आला, पण आता गाण्याचं घोडं अडलं. पुस्तकातली गाणी राजहंसांची आणि कमळांची. राजहंस कोणी पाहिलेला नव्हता. एकदा संध्याकाळी आईबरोबर भाजी निवडता निवडता मीच एक गाणं रचलं. आई हसली, म्हणाली, "हे गाणं हाय का बाजार?" पण तिनंच त्याला चाल बसवली, जात्यावरच्या गाण्यासारखी, सोपी आणि गोल:

कांदा म्हणतो, मी गोल गोल,
मुळा म्हणतो, मी लांब लांब,
वांगं म्हणतं, बघा माझी टोपी,
भेंडी म्हणते, थांब गं थांब!
सगळे बसले पातेल्यात,
उकळी आली पोटात,
बुडबुड बुडबुड बुडबुडबुड,
झाकण उडालं, धुडुम धुड!

शेवटच्या 'धुडुम'ला सगळ्यांनी उंच उडी मारायची. या उडीसाठी पोरं पूर्ण गाणं सहन करत. अडचण एकच, प्रत्येकाचा 'धुडुम' वेगवेगळ्या वेळी यायचा. उत्साही पोरं कांद्यावरूनच उडी मारून मोकळी व्हायची. बाळ्या नावाचं एक शांत पोरगं होतं, ते कायम एक ओळ मागे. सगळे पातेल्यात उकळत असताना हा निवांतपणे मुळा लांब लांब करत असे आणि सगळे दप्तरं उचलून घरी निघाले की दारात एकट्याचा 'धुडुम' ऐकू येई. मी घरून एक पातेल्याचं झाकण आणलं. झाकण वर गेलं की श्वास घ्यायचा, खाली आलं की सुरू. झाकण वर गेलं की पोरं श्वास घ्यायची आणि सोडायलाच विसरायची, गाल फुगवून लाल. मग मी हात धरून डोलायला शिकवलं. मग डोलता डोलता पडायला ती आपणहून शिकली. आयुष्यात मी एवढी कधी हसले नाही, आणि एवढी दमलेही नाही. एकत्र गाणं म्हणजे काय असतं हे मला तेव्हा समजलं. सूर नंतर येतो. आधी शेजारच्यासाठी थांबावं लागतं, आणि चार वर्षांच्या माणसाला थांबण्याइतकं अवघड जगात काही नाही. अजूनही नव्या शिक्षिका मला विचारतात, कशापासून सुरुवात करू, तर मी सांगते, थांबण्यापासून. त्यांना वाटतं म्हातारी तत्त्वज्ञान सांगतेय.

अशात टायपिंगच्या वर्गात जागा झाल्याचा निरोप आला. मी अण्णांना म्हटलं, मला नाही जायचं. मला बालवाडीतच राहायचंय, बाई म्हणतात शिक्षिकेचा कोर्स कर. हे बोलणं दुपारी झालं, अण्णा झोपेतून उठून चहा पीत होते आणि घर नुकतंच आवाजात आलं होतं.

"गानी म्हनायचं काम?" अण्णांनी बशी खाली ठेवली. "पोरं गानी आपोआप शिकत्यात. आमाला कुणी शिकवली व्हती? त्याला काय मास्तरीन लागती?"

"आपोआप नाही शिकत. तुम्ही एकदा बालवाडीच्या संमेलनाला येऊन ऐका."

"ऐकून काय व्हनार?"

"ऐकून तुम्हाला काम वाटलं तर मी तिथं राहीन. नाही वाटलं तर टायपिंगला जाईन." हे मी म्हणून गेले.

अण्णांनी बशी उचलून उरलेला चहा संपवला. ते फार बोलणारे नव्हते, पण एकदा बोलले की यंत्राच्या मापासारखं पक्कं असे. "येतो," ते म्हणाले. "तुमच्या त्या संमेलनाला येतो. ऐकतो, मग सांगतो. पन मी सांगितल्यावर तोंड फुगवायचं नाय." आई दाराआडून मला खुणा करत होती, आता गप बस म्हणून. मी गप्प बसले. त्या रात्री मला आणि बेबीला झोप आली नाही, आम्ही पांघरुणात 'बुडबुड' करत राहिलो.

संमेलनाचा दिवस बाईंच्या यजमानांनी पंचांग बघून काढला. सकाळी नऊनंतरची वेळ उत्तम होती म्हणे. मी बाईंना सांगून पाहिलं, "बाई, सकाळी नको. वडील मंडळी तिसऱ्या पाळीहून थेट येतील."

"अगं, मग चांगलंच आहे की!" बाई म्हणाल्या. "पाळी सुटलेली असते, मोकळेच असतात ना?"

मोकळे! रात्रभर उभा राहिलेला माणूस सकाळी किती मोकळा असतो हे बाईंना कोण सांगणार. आणि जे उरलं होतं ते माझ्या आईनं केलं. तिला कळलं की माणसं कारखान्यातून परस्पर यायची आहेत, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "रातभर उपाशी मान्सं गानं काय ऐकतील? आधी पोटोबा, मग विठोबा." वसाहतीतल्या बायका गोळा केल्या, बालवाडीच्या मागे चूल मांडली आणि पहाटेपासून वरण-बट्टीचा घाट घातला. आमच्याकडची बट्टी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांना सांगते, ती आधी उकडतात, मग तळतात, मग कुस्करून तिच्यावर वरण आणि हात आखडता न घेता तूप. वर घोटलेल्या वांग्याची भाजी. माणूस दोन बट्ट्या खाऊन उठला तर उभा राहू शकतो, तिसरीनंतर त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. आई प्रत्येकाला तिसरी वाढत होती. "घ्या हो, पोरीचं गानं हाय," म्हणून अण्णांना तर चौथी.

थंडीचे दिवस होते. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांवर कोवळं ऊन आलं होतं. बाकडी जोडून मंच केला होता, बाईंच्या दोन साड्यांचा पडदा. मी पडद्याआड पोरांना ओळीत उभं करत होते. कोणाच्या डोक्यावर कागदी वांग्याची टोपी, कोणी भेंडी, संगी अर्थातच पातेलं. बाहेर बाईंचं स्वागताचं बोलणं सुरू होतं, आणि बाई बोलायला लागल्या की लवकर थांबत नसत. नाशिकची परंपरा झाली, बालमन झालं, संस्कार झाले. मी फटीतून बघितलं तर अण्णा पहिल्या रांगेत, मांडीवर हात, ताठ बसलेले, डोळे माझ्याच दिशेला. मला बरं वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं तर त्यांची हनुवटी छातीला टेकली होती. शेजारी संगीचे पप्पा, त्यांचं डोकं अण्णांच्या खांद्यावर. त्यांच्या पलीकडचे गृहस्थ मागे कलंडून आभाळाकडे तोंड उघडं टाकून. मागची रांग तर आख्खी एका बाजूला झुकली होती. एकूण एक बाप झोपला होता. बाजूला सतरंजीवर बसलेल्या आया मात्र टक्क जाग्या.

मी काय करणार होते? पडदा तर सरकला.

पोरांनी समोर बघितलं. मी मंचाखाली झाकण घेऊन उभी होते, मला त्यांचे चेहरे दिसत होते. आधी संगीनं बघितलं. तिनं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग तिनं मागे वळून सगळ्या ओळीला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. आणि कांदे, मुळे, वांगी, सगळ्यांनी समजुतीनं माना हलवल्या.

मी झाकण वर केलं. अगदी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाक मारली. झाकण खाली आलं.

आणि पोरांनी गाणं म्हटलं. कुजबुजत. 'कांदा म्हणतो, मी गोल गोल.' मी घाबरून हातवारे करायला लागले, मोठ्यानं, मोठ्यानं म्हणून. संगीनं मला डोळे वटारून गप्प केलं. त्यांच्या दृष्टीनं मीच वेडी होते, एवढी माणसं झोपलेली दिसत नाहीत का हिला! मी हात खाली सोडले. आणि मग माझ्या लक्षात आलं. ती एकत्र म्हणत होती. एकही पुढे नाही, एकही मागे नाही. कोणाचा आवाज दुसऱ्याच्या वर जाऊन बापाची झोप मोडू नये म्हणून प्रत्येक जण शेजारच्याचं ऐकत होता, इतकं कान देऊन, की पूर्ण ओळ एकाच श्वासावर चालत होती. बाळ्यासुद्धा! बाळ्या मुळ्याला मुळा आणि भेंडीला भेंडी होता. आयांमध्ये आधी खुसखुस झाली, मग एकदम कोणी हसेना. एक तान्हं रडायला लागलं तर त्याच्या आईनं त्याला चटकन पदराखाली घेतलं. एवढ्या अंगणात फक्त बापांचं घोरणं आणि त्याखाली पोरांचं ते गाणं. आणि 'धुडुम'ला सगळ्या पोरांनी उंच उडी मारली, हात वर, टोप्या उडाल्या, आणि खाली आली ती चवड्यांवर. बाकड्यांचा आवाजसुद्धा झाला नाही.

टाळ्या वाजवायची कोणाची छाती झाली नाही. आया हात हवेत हलवत होत्या. माझी आई चुलीपाशी झारा हातात धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती हसतही होती. बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी इतक्या महिन्यांत आवाज कधी खाली आणला नव्हता, तो आणला आणि म्हणाल्या, "मंदा, हे तू शिकवलंस?"

"नाही हो बाई," मी म्हटलं. "हे घरूनच आलंय." आणि आम्ही दोघी पडद्याआड जाऊन एकमेकींना धरून हसलो. हसता हसता मला आठवलं, अण्णांनी काही ऐकलेलंच नाही. माझं हसू तिथंच विरलं. ते एकदाच येणार होते.

खुर्च्या उचलायला लागले तेव्हा अण्णा जागे झाले. घरी जाताना ते सायकल हातात धरून चालत होते, आई डोक्यावर रिकामं पातेलं घेऊन, बेबी आणि मी मागे.  मनात मी टायपिंगच्या यंत्रापुढे जाऊन बसलेसुद्धा होते. अर्धा रस्ता झाल्यावर अण्णांनी विचारलं,

"गानं झालं का?"

"झालं," आई म्हणाली.

"मी ऐकलं नाय."

"तुमी घोरत व्हता."

"मंग उठवायचं ना मला!"

"पोरांनी उठवू दिलं नाय." आई थांबली, डोक्यावरचं पातेलं खाली घेतलं आणि तिनं त्यांना सगळं सांगितलं. पोरांनी कसं बघितलं, कशी बोटं ठेवली, कशी चवड्यांवर उतरली. "तुमची झोप मोडू नाय म्हनून. लय हळू म्हनली. एका आवाजात." अण्णा सायकल धरून पुढे चालू लागले. घर येईपर्यंत सायकलच्या साखळीचा आवाज तेवढा येत राहिला.

घरी आल्यावर त्यांनी नेहमीसारखी खिडकीला गोधडी टांगली आणि खाटेवर बसले. आडवे झाले नाहीत. मला हाक मारली.

"म्हन."

"काय?"

"तेच. मी ऐकतो म्हनलो व्हतो."

मी म्हणायला लागले, आणि घरात गोधडी टांगलेली, तेव्हा आवाज आपसूक कुजबुजीवर आला. अण्णांनी मान हलवली. "असं नाय. मोठ्यानं म्हन. मी झोपलो का अजून?" मी आईकडे बघितलं. आईनं ओठांकडे नेलेलं बोट तसंच पदरात गुंडाळलं. मग मी मोठा श्वास घेतला आणि भर दिवसा, त्या घरात, गळा उघडून कांद्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला बेबी येऊन मिळाली. पातेल्यापर्यंत आईही. शेजारच्या काकू धावत दारात आल्या, त्यांना वाटलं कोणाला तरी काहीतरी झालं. 'धुडुम'ला आम्ही तिघींनी उड्या मारल्या, आईनंसुद्धा, आणि फडताळातले डबे वाजले.

अण्णा हसले नाहीत. ते हातांच्या तळव्यांकडे बघत म्हणाले, "काम हाय हे. टायपिंगवाल्याला मी सांगतो येत नाय म्हनून." माझ्या डोळ्यांपुढे सगळं पाण्यात तरंगायला लागलं. ते आडवे झाले, पांघरूण डोक्यावरून घेतलं. आतून पुन्हा आवाज आला, "आन् पोरांना एक सांग. बाप झोपला तरी मोठ्यानं म्हनायचं. आमची झोप काय, रोजचीच हाय."

आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो. थोड्या वेळानं पांघरूण हललं.

"थांबली का? म्हन की."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वांग्याच्या टोपीपर्यंत अण्णा घोरायला लागले. मी आवाज कमी केला नाही.